अमेरिकी बार परीक्षेतला राज्यघटनेचा निबंध

अमेरिकेत वकिलीची सनद प्रत्येक राज्य आपापली देते आणि त्यासाठी बार परीक्षा घेते. फेब्रुवारी आणि जुलै या महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात सलग दोन दिवस ही परीक्षा चालते. चाळीसच्या आसपास राज्ये आणि प्रदेश ‘युनिफॉर्म बार एक्झॅम’ ही सामाईक परीक्षा वापरतात. ती 2011 मध्ये सुरू झाली आणि न्यूयॉर्कने 2016 मध्ये स्वीकारली. तिच्या प्रश्नपत्रिका विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात असलेली ‘नॅशनल कॉन्फरन्स ऑफ बार एक्झामिनर्स’ ही संस्था तयार करते. पहिल्या दिवशी सहा निबंध आणि दोन प्रात्यक्षिक कामे असतात, दुसऱ्या दिवशी दोनशे बहुपर्यायी प्रश्न. बहुपर्यायी प्रश्नांना निम्मे वजन आहे, निबंधांना 30 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 20 टक्के. एकूण 400 गुणांपैकी न्यूयॉर्कमध्ये 266 मिळवावे लागतात. कॅलिफोर्निया या सामाईक परीक्षेत नाही. तिथे एकेका तासाचे पाच निबंध आणि दीड तासाचे एक प्रात्यक्षिक असते.

भारतात कायद्याची पदवी घेतलेल्यांना ही परीक्षा अपरिचित वाटते, याचे कारण इथली पद्धत वेगळी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया घेत असलेल्या ऑल इंडिया बार एक्झामिनेशनमध्ये शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात आणि टिपणे नसलेले बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात. अमेरिकेत हाताशी काहीही ठेवता येत नाही आणि लिहून दाखवावे लागते. तरीही पुण्या-मुंबईच्या लॉ कॉलेजांतून शिकून एलएलएमसाठी अमेरिकेत गेलेले कितीतरी विद्यार्थी न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाच्या परीक्षेला बसतात. या दोन राज्यांचे नियम परदेशी पदवीधरांना तुलनेने मोकळे आहेत. करार, अपकृत्य, पुरावा हे विषय त्यांना ओळखीचे असतात, कारण दोन्ही देशांचा कायदा इंग्लंडच्या कॉमन लॉमधून आला. राज्यघटनेच्या बाबतीत मात्र ओळखच अडचणीची ठरते. समता, अभिव्यक्ती स्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य ही तत्त्वे दोन्ही घटनांत आहेत, पण ती न्यायालयात लावायची रीत वेगळी आहे, आणि परीक्षा रीतीचीच असते.

या निबंधात विषयावर चिंतन करायचे नसते. प्रश्नपत्रिकेत पान-दीड पानाची एक काल्पनिक हकीकत दिलेली असते: एखाद्या राज्याने कायदा केला, एखाद्या शहराने परवाना नाकारला, कोणाला अटक झाली, कोणी दावा लावला. खाली एक ते चार नेमके प्रश्न असतात. सामाईक परीक्षेत एका निबंधाला तीस मिनिटे मिळतात. सहा निबंधांत राज्यघटना प्रत्येक वेळी येतेच असे नाही, पण बहुपर्यायी भागातल्या सात विषयांपैकी ती एक असल्याने तिचा अभ्यास टाळता येत नाही. शिवाय हा कायदा संघीय असल्यामुळे तो सगळ्या राज्यांत सारखाच लिहायचा असतो, हीसुद्धा एक सोय आहे.

उत्तराचा साचा अमेरिकी लॉ स्कूलमध्ये पहिल्या वर्षापासून शिकवतात. आधी मुद्दा सांगायचा, मग त्याला लागू होणारा नियम, मग तो नियम हकीकतीतल्या गोष्टींना लावून दाखवायचा आणि शेवटी निष्कर्ष. चारही पायऱ्या सर्वांना पाठ असतात. गुण मिळतात ते तिसऱ्या पायरीवर, आणि बहुतेक उत्तरे कमी पडतात तीही तिथेच. नियम सुरेख लिहिला आणि त्याखाली ‘म्हणून हा कायदा घटनाबाह्य आहे’ असे एक वाक्य टाकले, तर तपासणाऱ्याला पाठांतर दिसते, वकिली दिसत नाही. खटल्यांची नावे आली तर चांगलेच, पण ती अनिवार्य नाहीत. ‘ब्रँडेनबर्ग’ हे नाव आठवले नाही तरी चालते. चिथावणीखोर भाषण दंडनीय ठरण्यासाठी तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू आणि तसे घडण्याची शक्यता, दोन्ही लागतात हे मात्र लिहिता आले पाहिजे.

प्रश्न कोणत्याही हक्काचा असो, विचाराची सुरुवात एकाच ठिकाणी होते: कृती कोणाची आहे? अमेरिकी घटनेतले बहुतेक हक्क सरकारविरुद्ध आहेत. खासगी कंपनी, क्लब, मॉल किंवा शेजारी यांच्याविरुद्ध ते चालत नाहीत. भारतीय घटनेत अस्पृश्यतेविरुद्धचे कलम 17 किंवा दुकाने-विहिरींबाबतचे कलम 15(2) थेट खासगी व्यक्तींनाही बांधते, त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याच्या मनात ही भिंत तितकी उंच नसते. अमेरिकेत खासगी भेदभावाविरुद्ध संरक्षण आहे, पण ते प्रामुख्याने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, केलेल्या कायद्यांतून येते. गुलामगिरीवरची बंदी हा ठळक अपवाद आहे. तेरावी घटनादुरुस्ती खासगी माणसालाही लागू होते.

या भिंतीला खिंडारे आहेत आणि प्रश्न काढणाऱ्यांना ती फार आवडतात. अलाबामातल्या चिकासॉ या गावाची सगळी मालकी एका जहाजबांधणी कंपनीकडे होती. तिथल्या पदपथावर धार्मिक पत्रके वाटणाऱ्या बाईंना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1946 मध्ये रद्द केली, कारण गाव चालवणारी कंपनी सरकारचेच काम करत होती. 1948 च्या शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात गोरेतरांना घर न विकण्याचा करार शेजाऱ्यांनी आपसांत केला होता. करार खासगी, पण तो न्यायालयाने अमलात आणणे ही सरकारी कृती, असे ठरले. पुढे 1976 मध्ये मात्र खासगी शॉपिंग सेंटरच्या आवारात भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचा हक्क मिळत नाही हे न्यायालयाने स्पष्ट केले. हकीकतीत ‘खासगी विद्यापीठ’ किंवा ‘मॉलच्या सुरक्षारक्षकाने’ असे शब्द दिसले की या मुद्द्यावर थांबून चार ओळी लिहाव्याच लागतात.

दुसरा उंबरठा दावा लावण्याच्या पात्रतेचा. भारतात जनहित याचिकेने हा उंबरठा जवळजवळ पुसला. अमेरिकेत तो ठाम उभा आहे. फिर्यादीला प्रत्यक्ष आणि स्वतःची हानी झालेली किंवा लवकरच होणारी असावी, ती प्रतिवादीच्या कृतीमुळे असावी आणि न्यायालयाच्या आदेशाने ती दूर होण्यासारखी असावी. 1992 च्या लुहान खटल्यात वन्यजीवप्रेमी संघटनेचा दावा यावरच अडला. परदेशातल्या दुर्मीळ प्राण्यांना धोका आहे हे पटले तरी, सदस्य ‘कधीतरी’ ते प्राणी पाहायला जाणार आहेत एवढ्यावर हानी सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. केवळ करदाता किंवा जागरूक नागरिक असणे पुरत नाही. अकरावी घटनादुरुस्तीही इथेच तपासायची. खासगी पक्षकाराला संघीय न्यायालयात राज्यावर भरपाईचा दावा सहसा लावता येत नाही. राज्याच्या अधिकाऱ्याला पुढे घटनाबाह्य वागू नये असा मनाईहुकूम मात्र मागता येतो. ही वाट 1908 च्या एक्स पार्टे यंग निकालाने खुली केली.

यानंतर येतो या विषयाचा गाभा: न्यायालय कायद्याकडे किती कडक नजरेने पाहणार? अमेरिकी न्यायालये साधारण तीन पातळ्या मानतात. सर्वात सौम्य पातळीवर कायद्याचा एखाद्या वैध उद्देशाशी तर्कसंगत संबंध असला की पुरे, आणि तो नाही हे सिद्ध करण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर. भारतीय घटनेच्या कलम 14 खालची वाजवी वर्गीकरणाची कसोटी याच्या जवळची आहे. मधल्या पातळीवर उद्देश महत्त्वाचा आणि उपाय त्याच्याशी भरीव रीतीने जोडलेला असावा लागतो. सर्वात कडक पातळीवर उद्देश अत्यावश्यक आणि उपाय काटेकोरपणे बेतलेला हवा. वरच्या दोन्ही पातळ्यांवर भार सरकारवर येतो. पातळी ठरली की निकाल बराचसा ठरतो, म्हणून पातळी का निवडली हे उत्तरात आधी आणि स्पष्ट लिहायचे असते.

या पातळ्यांचे बीज दुधाच्या एका खटल्यात सापडते. साय काढलेल्या दुधात वनस्पती तेल मिसळून ते राज्याबाहेर पाठवण्यावर काँग्रेसने 1923 मध्ये बंदी घातली होती. कॅरोलिन प्रॉडक्ट्स कंपनीने तिला आव्हान दिले आणि 1938 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. आर्थिक नियमनात विधिमंडळाच्या निर्णयाला मान द्यायचा हा त्या निकालाचा सूर होता. पण न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांनी चौथ्या तळटीपेत लिहिले की मूलभूत हक्क, राजकीय प्रक्रिया किंवा एकाकी पडलेले अल्पसंख्य यांच्यावर घाव घालणाऱ्या कायद्यांची तपासणी अधिक कडक असावी लागेल. पुढच्या काही दशकांत या तळटीपेवर समतेच्या कायद्याचा मोठा भाग उभा राहिला.

समतेच्या प्रश्नात वर्गवारी कशावर आधारलेली आहे हे आधी पाहायचे. वंश आणि राष्ट्रीय मूळ यांना कडक पातळी, लिंग आणि विवाहबाह्य जन्म यांना मधली, वय, संपत्ती, अपंगत्व आणि आर्थिक नियम यांना सौम्य. ओक्लाहोमात सौम्य बिअर विकत घेण्यासाठी मुलींना 18 आणि मुलांना 21 वर्षांची अट होती. 1976 मध्ये क्रेग विरुद्ध बोरेन खटल्यात ती रद्द झाली आणि लिंगभेदासाठी मधली पातळी रूढ झाली. कायदा वरकरणी तटस्थ असेल तर केवळ त्याचा परिणाम एका गटावर जास्त होतो एवढे पुरत नाही, हेतू दाखवावा लागतो, असे त्याच वर्षीच्या वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस निकालाने सांगितले. हेतू अंमलबजावणीतूनही दिसू शकतो. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्कोने लाकडी इमारतींतल्या धुलाईखान्यांना परवाना सक्तीचा केला. सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना नकार मिळाला आणि इतर ऐंशीपैकी एकाखेरीज सर्वांना परवानगी. 1886 च्या यिक वो निकालात न्यायालयाने त्या नियमामागचा भेदभाव आकड्यांतूनच वाचला. निबंधाच्या हकीकतीत असे आकडे दिले असतील तर ते शोभेसाठी नसतात.

परदेशी नागरिकत्वाचा मुद्दा भारतीय परीक्षार्थीच्या अगदी जवळचा आहे. राज्याने परकीय नागरिकांविरुद्ध केलेल्या भेदभावाला कडक पातळी लागते, संघीय सरकारने केलेल्याला सहसा सौम्य. पोलीस, शाळाशिक्षक अशा शासनाशी निगडित पदांसाठी राज्यांनाही सूट आहे. वकिली त्या सुटीत बसते का? कनेटिकट राज्याने एका डच नागरिक महिलेला केवळ नागरिक नसल्याच्या कारणाने बार परीक्षेला बसू दिले नव्हते. 1973 मध्ये, इन री ग्रिफिथ्स या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती आज परीक्षेला बसू शकते यामागे हा निकाल आहे.

हे सारे एकत्र कसे वापरायचे ते एका नमुना प्रश्नातून नीट कळते. समजा, एका राज्याने कायदा केला की राज्यात विकले जाणारे सर्व दूध राज्यातल्याच प्रकल्पात पाश्चराइझ केलेले असावे. प्रस्तावनेत लोकांच्या आरोग्याचा उल्लेख आहे. विधिमंडळातल्या चर्चेत मात्र एका सदस्याने ‘आपल्या डेअऱ्या वाचतील’ असे सांगितले. शेजारच्या राज्यातल्या एका डेअरी कंपनीकडे या राज्याचा विक्री परवाना होता. आयुक्तांनी तो सुनावणी न घेता, पत्र पाठवून रद्द केला. कंपनीची मालकीण राजधानीच्या इमारतीसमोरच्या पदपथावर फलक घेऊन उभी राहिली. विधिमंडळाच्या इमारतीपासून 500 फुटांच्या आत ‘शासनाची निंदा करणारे’ फलक धरण्यास मनाई असल्याने पोलिसांनी तिला अटक केली. कंपनी आणि मालकीण कोणते घटनात्मक आक्षेप घेऊ शकतात?

पहिला आक्षेप आंतरराज्य व्यापाराचा. घटनेने व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. काँग्रेस गप्प असली तरी राज्यांनी परराज्यातल्या व्यापाराशी दुजाभाव करू नये, असा निष्कर्ष न्यायालयांनी त्यातून काढला. भारतीय घटनेतली 301 ते 304 ही कलमे हेच शब्दांत सांगतात, अमेरिकेत ते मौनातून वाचले जाते. मग नियम: उघड दुजाभाव करणारा कायदा जवळजवळ नेहमी रद्द होतो, राज्याला बिगरआर्थिक, महत्त्वाचा उद्देश आणि दुसरा कोणताही पर्याय नसल्याचे दाखवावे लागते. दुजाभाव नसेल, तर व्यापारावरचा बोजा स्थानिक फायद्याच्या तुलनेत उघडच जास्त आहे का, एवढे पाहतात. ही तोलाची कसोटी 1970 च्या पाइक खटल्यातली.

आता नियम हकीकतीला लावायचा. कायदा प्रकल्पाच्या ठिकाणावरून फरक करतो, म्हणजे दुजाभाव मजकुरातच आहे. आरोग्य हा वैध उद्देश, पण परराज्यातल्या प्रकल्पांची तपासणी करून खर्च त्यांच्याकडून घेणे किंवा सर्वांना सारखा जिवाणूंचा निकष लावणे, असे पर्याय उपलब्ध आहेत. सदस्याचे वाक्य संरक्षणवादी हेतू दाखवते. म्हणून कायदा टिकणार नाही. अशी हकीकत खरोखर घडून गेली आहे. मॅडिसन शहराने मध्यवर्ती चौकापासून पाच मैलांच्या आत पाश्चराइझ केलेलेच दूध विकू देण्याचा नियम केला होता. 1951 मध्ये डीन मिल्क कंपनीच्या खटल्यात तो याच कारणाने पडला. ज्या शहरात आज या परीक्षेचे प्रश्न तयार होतात, त्याच शहराचा तो नियम होता.

चांगले उत्तर इथे दुसरी बाजूही मांडते. राज्य स्वतः आपल्या शाळांसाठी दूध विकत घेत असते, तर ते बाजारातला एक ग्राहक ठरले असते आणि स्थानिकांना पसंती देऊ शकले असते. हकीकतीत राज्य नियमन करते आहे, खरेदी नाही, म्हणून हा अपवाद लागू नाही. काँग्रेसने अशा कायद्याला परवानगी दिल्याचाही उल्लेख नाही. एकेका वाक्यात हे लिहिले की तपासणाऱ्याला कळते की लिहिणाऱ्याने अपवाद विसरले नाहीत, तपासून बाजूला ठेवले.

याला जोडून एक सापळा आहे. परराज्यातल्या नागरिकांना समान वागणूक देणारे अमेरिकी घटनेच्या कलम 4 मधले तत्त्व इथे बसेल असे वाटते, पण ते फक्त अमेरिकी नागरिक असलेल्या व्यक्तींसाठी आहे. कंपनीला आणि परकीय नागरिकाला त्याचा आधार नाही. समतेची हमी देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीतली ‘व्यक्ती’ मात्र कंपनीही असते. समतेचा आक्षेप त्यामुळे घेता येतो, पण आर्थिक नियम असल्याने पातळी सौम्य आणि यशाची शक्यता कमी. दोन-तीन वाक्यांत हा मुद्दा मिटवावा. कमकुवत मुद्द्यावर पाऊण पान खर्च करणारे उत्तर वेळेत पुरे होत नाही.

परवाना रद्द होण्याचा मुद्दा वेगळा आहे. मिळालेला परवाना ही मालमत्ता मानली जाते, आणि मालमत्ता काढून घेण्याआधी योग्य प्रक्रिया पाळावी लागते. किती प्रक्रिया, हे 1976 च्या मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज खटल्यातल्या तीन बाबी तोलून ठरते: व्यक्तीचे हित, सध्याच्या पद्धतीत चूक होण्याची जोखीम आणि जादा सुनावणीने ती कमी होण्याची शक्यता, आणि सरकारचे हित व खर्च. कंपनीचा पूर्ण धंदा परवान्यावर आहे. प्रकल्प कुठे आहे किंवा नियम कसा लागू होतो यात चूक होऊ शकते. आणि तातडीचे काही कारण हकीकतीत नाही. दूध दूषित असल्याचा अहवाल आला असता तर चित्र पालटले असते. 1908 मध्ये शिकागोत शीतगृहातल्या खराब कोंबड्यांचे मांस आधी जप्त करून सुनावणी नंतर देणे न्यायालयाने मान्य केले होते. इथे तसे काही नसल्याने आधी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यायला हवी होती.

मालकिणीच्या अटकेत भाषण स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. भारतीय विद्यार्थी इथे सवयीने ‘वाजवी निर्बंध’ लिहून जातात. कलम 19(2) मध्ये निर्बंधांची कारणे यादीने दिली आहेत. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत अशी यादीच नाही. तिथे पहिला प्रश्न विचारतात तो निर्बंध मजकुरावर आहे की केवळ वेळ, जागा आणि रीतीवर. ‘निंदा करणारे’ फलक तेवढे वर्ज्य आणि स्तुती करणारे चालतात, म्हणजे निर्बंध मजकुरावर, तोही एका बाजूच्या मतावर. पदपथ हा परंपरेने सार्वजनिक मंच आहे. म्हणून कडक पातळी लागेल आणि विधिमंडळाची प्रतिष्ठा जपणे हे कारण तिथे अपुरे पडेल. वॉशिंग्टनमध्ये परदेशी वकिलातींपासून 500 फुटांच्या आत त्या सरकारांवर टीका करणाऱ्या फलकांना बंदी होती, ती 1988 मध्ये बूस विरुद्ध बॅरी खटल्यात रद्द झाली. सर्वच फलकांना आकाराची मर्यादा असती तर निर्बंध तटस्थ ठरला असता. मग महत्त्वाचा उद्देश, त्यासाठी नेटका बेतलेला उपाय आणि मत मांडण्याचे दुसरे पुरेसे मार्ग एवढे दाखवून तो टिकू शकला असता.

शेवटी उपायाचा मुद्दा उरतो. कंपनीने राज्यावर संघीय न्यायालयात भरपाईचा दावा लावला तर अकरावी दुरुस्ती आडवी येते. आयुक्तांविरुद्ध मनाईहुकूम मागितला तर वाट मोकळी. प्रश्नात कोणाविरुद्ध, कोणत्या न्यायालयात आणि काय मागितले आहे हे शब्द म्हणूनच दोनदा वाचायचे असतात.

परवान्याच्या मुद्द्यात आलेल्या योग्य प्रक्रियेची, म्हणजे ‘ड्यू प्रोसेस’ या संकल्पनेची, दुसरी बाजू भारतीय वाचकाला इतिहासातूनच नीट कळते. अमेरिकेत ती केवळ प्रक्रियेपुरती राहिली नाही. विवाह, अपत्यसंगोपन यांसारख्या मूलभूत स्वातंत्र्यांना तिने गाभ्याचे संरक्षण दिले. एके काळी याच संकल्पनेच्या जोरावर न्यायालयाने कामगार कायदे पाडले होते. 1905 च्या लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांची दिवसाची दहा तासांची मर्यादा रद्द झाली आणि 1937 मध्ये न्यायालयाने ती भूमिका सोडली. भारताच्या घटनेची तयारी सुरू असताना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. ‘ड्यू प्रोसेस’च्या कलमामुळे न्यायाधीशांच्या हाती फार मोठा अधिकार जातो, असे फ्रँकफर्टर यांचे मत होते. पुढे कलम 21 मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. 1978 च्या मनेका गांधी निकालाने भारतीय न्यायालय त्याच दिशेने बरेच पुढे गेले, पण अमेरिकी उत्तरात मनेका गांधींची भाषा चालत नाही. तिथे हक्क मूलभूत आहे का हे आधी ठरवायचे आणि त्यावरून पातळी. 2015 च्या ओबर्गफेल निकालाने समलिंगी विवाहाला हे संरक्षण दिले; 2022 च्या डॉब्स निकालाने गर्भपाताच्या हक्कावरून ते काढून घेतले आणि 1973 चा रो निकाल रद्द केला.

डॉब्समुळे तयारीतली एक गोष्ट फार महत्त्वाची ठरते: जुनी टिपणे जपून वापरावीत. 2022 मध्येच शस्त्र बाळगण्याच्या हक्कासाठी पातळ्यांऐवजी ऐतिहासिक परंपरेची कसोटी आली आणि धर्म-शासन संबंधांतली 1971 ची लेमन कसोटी न्यायालयाने सोडून दिली. 2023 मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशातला वंशाचा विचार घटनाबाह्य ठरला. वरिष्ठांकडून आलेल्या काही वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये यांतले काही नसण्याची शक्यता मोठी आहे.

तयारीसाठी साधारण आठ ते दहा आठवडे दिले जातात आणि त्यातला मोठा वाटा बहुपर्यायी प्रश्नांकडे जातो. निबंध मागे पडतो, हे दुर्दैव आहे, कारण लिहिण्यानेच नियम पक्के बसतात. नियम दोन-तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत, न पाहता लिहिता येईपर्यंत घोटावेत: व्यापार कलमाची दोन अंगे, समतेच्या तीन पातळ्या, भाषणाचे वर्गीकरण, मॅथ्यूजच्या तीन बाबी, खासगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घेण्याचे नियम. अशी वीस-पंचवीस नियमवाक्ये तयार झाली की बहुतेक प्रश्नांना पुरतात. त्यानंतर जुने प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत. न्यूयॉर्कचे परीक्षा मंडळ आणि कॅलिफोर्नियाची स्टेट बार या दोन्ही संस्था जुने प्रश्न आणि निवडक परीक्षार्थींची उत्तरे प्रसिद्ध करतात. ही उत्तरे वाचून धीर येतो, कारण ती निर्दोष नसतात. नियमात बारीक चुका असतात, पण हकीकतीतला एकेक तपशील उचलून वापरलेला असतो.

तीस मिनिटांपैकी आठ-दहा मिनिटे वाचन आणि आराखड्याला द्यावीत. आधी खालचे प्रश्न वाचावेत, मग हकीकत, आणि प्रत्येक तपशिलासमोर तो कोणत्या मुद्द्यासाठी आला आहे ते समासात टिपावे. एखादा तपशील कुठेच बसत नसेल, तर बहुधा एक मुद्दा नजरेतून सुटलेला असतो. लिहिताना प्रत्येक मुद्द्याला छोटा मथळा द्यावा; तपासणाऱ्याला एका निबंधासाठी फार थोडा वेळ असतो. नियम आठवत नसेल तर जागा कोरी सोडू नये. नियम जवळपास बरोबर लिहून विवेचन प्रामाणिकपणे केले, तर त्याचे काही गुण मिळतातच. लिहिलेला निबंध नमुना उत्तराशी ताडून पाहणे आणि सुटलेला मुद्दा दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिणे हा सरावाचा कंटाळवाणा भाग आहे, पण सुधारणा तिथेच होते.

ही परीक्षा आता बदलते आहे. जुलै 2026 पासून काही राज्ये ‘नेक्स्टजेन’ नावाची नवी परीक्षा घेऊ लागत आहेत. न्यूयॉर्कने ती जुलै 2028 पासून घेण्याचे ठरवले आहे आणि सध्याची सामाईक परीक्षा फेब्रुवारी 2028 नंतर बंद होणार आहे. नव्या परीक्षेत तीस मिनिटांचा स्वतंत्र निबंध नसेल. एकाच हकीकतीवर बहुपर्यायी, लघुत्तरी आणि मसुदा लिहिण्याचे प्रश्न येतील आणि परीक्षा दीड दिवसांत, नऊ तासांत पुरी होईल. राज्यघटना तिच्या मूलभूत विषयांत कायम आहे. कॅलिफोर्नियासारख्या स्वतंत्र परीक्षा घेणाऱ्या राज्यांचे वेळापत्रक वेगळे असते. अर्ज भरण्याआधी त्या त्या राज्याच्या मंडळाचे चालू नियम पाहावे लागतात.